चिअर ट्रायआउट आणि प्लेसमेंटचा तो मेल

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत मे महिना लागला की चिअर जिमबाहेर गाड्या लावायला जागा मिळत नाही. ऑल-स्टार चिअरचा नवा हंगाम ट्रायआउटनं, म्हणजे निवडचाचणीनं, सुरू होतो तो थेट पुढच्या वसंतापर्यंत. मागच्या मे महिन्यात आम्ही लेकीसाठी या सगळ्यातून गेलो. मंडळातल्या दोघीतिघींनी ‘कसं असतं गं ते?’ म्हणून विचारलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. शिवाय माझा राग अजून पुरता उतरलेला नाही, तेही एक कारण आहेच.

फुटबॉलच्या मैदानाकडेला पॉमपॉम हलवणाऱ्या मुली डोळ्यांसमोर आणू नका. ऑल-स्टारमध्ये दुसऱ्या कुणाला प्रोत्साहन द्यायचं नसतं, स्पर्धा यांचीच असते. अडीच मिनिटांचा रूटीन, त्यात टंबलिंग (मॅटवरच्या कोलांट्या), उड्या, स्टंट (एकीला इतरांनी वर उचलून धरणं), पिरॅमिड, नाच, आणि या सगळ्याला गुण. डॅलस तर याचं माहेरच. लॉरेन्स हर्किमर या माणसानं १९४८ मध्ये नॅशनल चिअरलीडर्स असोसिएशन काढली, एका उडीला आजही त्याच्याच नावावरून ‘हर्की’ म्हणतात. त्याच संस्थेची ऑल-स्टार नॅशनल्स दरवर्षी हिवाळा संपता संपता डॅलसला होते. नाशिकला सासूबाईंना हे सगळं समजावून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “मग नंबर येतो का हिचा?”

नोंदणी, जन्मदाखला, इन्शुरन्सचे कागद हे सगळं विनासायास झालं. ट्रायआउटही बरी झाली. छातीवर नंबरचा स्टिकर, चार-चार मुली मॅटवर, समोर क्लिपबोर्ड घेतलेल्या कोच. लेकीला राउंडऑफ, बॅक हँडस्प्रिंग आणि त्याला जोडून टक, म्हणजे हात न टेकता हवेत मारलेली मागची कोलांटी, येतो. टीम अवघडपणाच्या लेव्हलनुसार असतात; तिसऱ्या लेव्हलला तेच लागतं, दुसऱ्या लेव्हलला हवेतली कोलांटी चालतच नाही. तिनं टक मारला, पण उतरताना छाती खाली गेली आणि बोटं मॅटला पुसटशी टेकली. पालकांच्या काचेमागून मला ते दिसलं, म्हणजे कोचला दिसलंच असणार. तरी मारला तो मारला.

खरी गाडी अडकली ती यानंतर. प्लेसमेंट, म्हणजे कोणत्या टीममध्ये घेतलं ते, कळण्याआधीच करारावर सही घेतात. कोणती टीम, कोणती लेव्हल, आठवड्यातून किती दिवस सराव, काहीच ठाऊक नसताना वर्षभराच्या फीला आपण ‘हो’ म्हणायचं. सोडायचं झालं तर वेगळा दंड. वर ‘टीम कोणतीही मिळाली तरी स्वीकारू’ असं एक कलम, त्याच्याशेजारी आद्याक्षरं. नवरा म्हणाला, “घर घेताना एवढ्या सह्या केल्या नव्हत्या.” केल्या होत्या, पण घर आधी पाहिलं तरी होतं.

मेल शुक्रवारी रात्री येणार होता. रात्री फक्त ‘अजून थोडा वेळ लागेल’ एवढंच आलं. शनिवारी काही नाही. लेक माझा फोन उशाशी घेऊन झोपली. रविवारी संध्याकाळी वरणाला फोडणी देताना फोन वाजला. पाहते तर लेव्हल दोन. पुढे टीमचं नाव, सरावाची वेळ, युनिफॉर्मच्या मापांची तारीख, तीन उद्गारचिन्हं. कारणाचा एक शब्द नाही.

लगेच उत्तर लिहायला घेतलं तर जिमचं हँडबुक आडवं आलं: प्लेसमेंटनंतर चोवीस तास पालकांनी कोचशी संपर्क करायचा नाही. हा नियम बऱ्याच जिममध्ये असतो, स्पर्धेनंतरही लागू असतो. आपल्याकडे बोर्डाच्या निकालानंतर निदान उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागता येते, पैसे भरून पुनर्मूल्यांकन करता येतं. इथे क्लिपबोर्डवर काय लिहिलंय ते तुम्हाला कधीच दिसणार नाही. आणि कोच दुसऱ्या मुलींबद्दल बोलणार नाहीत म्हटल्यावर “मग त्या दुसरीला लेव्हल तीन का?” हे विचारायची सोयही संपली.

चोवीस तास उलटल्यावर मेल केला. उत्तर आलं, “तिच्यासाठी हीच योग्य जागा आहे असं आम्हाला वाटतं.” पुन्हा मेल केला. भेटीची वेळ मिळाली, ती पुढे ढकलली गेली. आणि या सगळ्या काळात फीचा पहिला हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून गेला. त्यात कधी उशीर होत नाही बरं.

शेवटी भेट झाली तेव्हा जे कळलं, ते दोन ओळींत मेलमध्ये लिहिता आलं असतं. गुणपत्रिकेत टंबलिंगला एकट्यादुकट्या मुलीचा टक पाहत नाहीत, टीममधल्या किती जणी तेच कौशल्य नीट करतात ते मोजतात. बोटं टेकणारा टक त्या मोजणीत उपयोगाचा नाही. दुसरं, स्टंटचा एक गट म्हणजे साधारण खालून उचलणाऱ्या दोन बेस, मागून धरणारी एक बॅकस्पॉट आणि वर उचलली जाणारी फ्लायर. तिसऱ्या लेव्हलच्या टीमला फ्लायर पुरेशा होत्या, आणि आमची उंच आहे. दुसऱ्या लेव्हलला बॅकस्पॉट हवी होती. म्हणजे ही जागा भरायची होती, हिचा नंबर कितवा हा प्रश्नच नव्हता. मला हे पटलं. पण मग आधीच सांगा ना! दहा वर्षांच्या मुलीनं ते तीन दिवस ‘मी वाईट आहे का’ विचारत काढले, त्याचं काय?

म्हणून सही करायच्या आधी हे विचारून घ्या: टीम आवडली नाही तर किती दिवसांत दंड न भरता बाहेर पडता येतं? हंगामात बदली होऊ शकते का? आमच्या इथे ऑगस्टमध्ये, कोरिओग्राफीच्या आधी, एकदा पुन्हा पाहतात. हे हँडबुकमध्ये नव्हतं, दुसऱ्या एका आईनं पार्किंगमध्ये सांगितलं. उत्तर तोंडी नको, मेलवर घ्या.

फ्लायरच्या प्रायव्हेट क्लासच्या नादी लागू नका. आपल्यातल्या एकीनं वर्षभर स्ट्रेचिंगचे पैसे भरले, मुलगी उन्हाळ्यात उंच झाली आणि बेस म्हणून गेली. सगळ्यांनाच आपली मुलगी वरती हवी असते, कारण फोटोत तीच दिसते. मलाही हवी होती. पण आमची बॅकस्पॉट झाली आणि वरच्या मुलीचा घोटा हातात आल्यापासून तिचा आवाजच बदलला. ‘एक-दोन-तीन’ची तालाची मोजणी तीच करते. वरची डगमगली तर आधी हिचे हात जातात. घरीही आता आम्हाला मोजूनच उठवते.

कोच कोणत्या लेव्हलपर्यंत शिकवायला पात्र आहे तेही विचारा. यूएसएएसएफ ही ऑल-स्टार चिअरची अमेरिकेतली संस्था कोचना लेव्हलनुसार मान्यता देते, टंबलिंगची वेगळी आणि स्टंटची वेगळी. विचारलं तर कुणी रागावत नाही.

गैरहजेरीचे नियम गणपतीच्या तारखा समोर ठेवून वाचा. आमची कोरिओग्राफी नेमकी मंडळाच्या आरतीच्या शनिवारी आली आणि लेक डोक्यावर तो हातभर चकचकीत बो (केसांतली मोठी रिबिनीची गाठ) तसाच ठेवून, मोदक संपता संपता पोचली. सासूबाईंना व्हिडिओवर तो बो फार आवडला. नंबरचं त्यांनी पुन्हा विचारलं, मी म्हटलं, “आई, हिचा नंबर सगळ्यात मागे असतो, तिथूनच ती सगळ्यांना धरते.” त्यांना ते काही रुचलं नाही.

आणि हो, युनिफॉर्मचं माप देताना दोन बोटं सैल द्या. एकदा शिवायला गेला की परत घेत नाहीत आणि हातात येतो तो थेट थंडीत.