पोटरीची थरथर

शिवाजी पार्काला पहाटे फेऱ्या मारताना माझा व्हिडिओ लेकीनं स्लो मोशनमध्ये काढला आणि घरी सगळ्यांना दाखवला. टाच टेकली की पोटरी ताटलीतल्या खरवसासारखी हलत होती. (खरवस बरा, लवकर स्थिर तरी होतो.)

पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीनपट जोर जमिनीकडून उलटा येतो. हाड तो हिसका झटकन वर नेतं, भोवतीचं मऊ मांस मागे रेंगाळतं आणि डुलत बसतं. दहा किलोमीटरला अशी दहाएक हजार पावलं!

लगेच जाडजूड सोलचे बूट घेतले. "काका, ढगावर चालल्यासारखं वाटेल," दुकानातला पोरगा म्हणाला. वाटलंही. फोम दबतो, त्यामुळे धक्का जरा सावकाश येतो. पण पाय काही बुटाच्या भरवशावर बसलेला नसतो. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाचे, शरीराच्या हालचालींचे अभ्यासक बेन्नो निग यांनी मांडलंय, की पाऊल टेकण्याआधीच स्नायू स्वतःला आवळून घेतात, येणारी थरथर मारायला. मला हे एकदम पटलं, कारण लोकलमध्ये आपण तेच करतो. माटुंगा सुटलं की दादरचा ब्रेक कुठे लागणार हे पायांना ठाऊक असतं. गप्पा न थांबवता माणूस पाय रोवतो. हिसक्यानं कोलमडतो तो पाहुणा. पायाखाली मऊ लागलं तर धावणारा माणूस पाय ताठ ठेवतो, कडक लागलं तर गुडघा जास्त वाकवतो. ढगाचे पैसे मी दिले, हिशेब पायानं आपला आपण जुळवला.

मग कॉम्प्रेशनचे मोजे आणले. "हवालदाराच्या पट्ट्या कशाला बांधल्यास?" आईनं विचारलं. पट्ट्या तर पट्ट्या, पण मांस आवळून धरलं की ते कमी हलतं, हे खरं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ठणकाही कमी वाटतो. वेग मात्र तसूभर वाढला नाही; पार्कातले आजोबा अजूनही मला मागे टाकतात.

आणि मुंबईचा घाम! भिजलेले मोजे निघता निघत नाहीत. मी कॉटवर आडवा होऊन पाय वर करतो, बायको भिंतीला पाय लावून ओढते. ओढताना तिचे दंड किती थरथरतात, याचा व्हिडिओ काढायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.