लालबाग ते मुलुंड, बाप्पासोबत

हरतालिकेच्या सकाळी घर दोन तुकड्यांत निघतं. एक तुकडी लालबागला मूर्ती आणायला, दुसरी दादरच्या फूलबाजारात. मूर्ती हातात घेऊन दादरच्या गर्दीत कुणी शिरू नये, एवढं पक्कं. आमच्यासाठी गणपतीचा सण पूजेपासून नाही, या प्रवासापासूनच सुरू होतो. घरातल्या प्रत्येकाच्या हाताला काम असतं, लहानांनाही.

लालबागला उतरायचं ते चिंचपोकळी किंवा करी रोडला. फास्ट लोकल इथे थांबत नाही, स्लोच धरायची. कारखान्यात बुकिंगची चिठ्ठी दाखवली की मूर्ती समोर येते, पण लगेच उचलायची नाही. आधी सोंडेचं टोक, कानाच्या कडा, बोटं उजेडात नीट बघायची. शाडू तिथेच आधी तडकतो. मग बुडाला हात लावायचा. गार आणि काळपट लागलं तर माती आतून ओली आहे. पावसाळी हवेत शाडू सावकाश वाळतो. केसासारखी चीर दिसली तर कारागीर तिथल्या तिथे माती भरून रंगाचा हात मारून देतात. घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

मखराचं मापही आधीच घेऊन ठेवलेलं बरं. फूटभर मूर्तीला फूटभर जागा पुरत नाही. पाटाची उंची धरायची, शिवाय मुकुटावर फूल आणि दूर्वा राहतील अशी चार बोटं मोकळी सोडायची. सजावट कागद, कापड, बांबूची. थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.

पाट मूर्तीच्या बैठकीपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा हवा. त्यावर जाडसर टॉवेलची घडी, वर मूठभर अक्षता. टॉवेल नसला की गुळगुळीत पाटावर मूर्ती सरकते. धरायचं ते पाटाला खालून, दोन्ही हातांनी. प्रभावळीला किंवा हाताला धरून उचललं की सांधा निखळलाच म्हणून समजा. मूर्तीचं तोंड आणणाऱ्याकडे, चेहऱ्यावर रुमाल. पावसासाठी प्लॅस्टिक घेतो, पण वरून छत्रीसारखं, खालून उघडं. गच्च गुंडाळलं तर आत घाम धरतो आणि रंग सुटतो. वर्तमानपत्र तर नकोच, ते ओल्या रंगाला चिकटतं.

परतीला लोकल की टॅक्सी? लालबागला रिक्षा मिळत नाही, शहरात त्यांना परवानगीच नाही. टॅक्सीत बसलात तर पाट मांडीवर घ्या, सीटवर नको. खड्ड्याचा धक्का मांडी झेलते. आम्हाला सकाळची लोकल बरी वाटते. त्या वेळी लोंढा सीएसएमटीकडे असतो, कल्याणकडे जाणारी गाडी त्यामानाने मोकळी. मुलुंडपर्यंत पाऊण तास. एकाने आधी चढायचं, मग खालच्याने पाट वर द्यायचा. पाट धरून एकट्याने गाडीत चढणं धोक्याचं. मालडब्यात दोन-तीन पाट आधीच असतात. कुणीतरी ‘गणपती बाप्पा’ म्हणतं आणि अख्खा डबा ‘मोरया’ म्हणतो. अनोळखी माणूस सरकून पंख्याखाली जागा करून देतो. हा पाऊण तास मला आरतीइतकाच प्रिय आहे.

तोवर दादरची तुकडी जास्वंद, केवडा, पत्री आणि दूर्वा घेऊन निघालेली असते. दूर्वा तीन पात्यांच्या, कोवळ्या बघून घ्यायच्या. एकवीसच्या जुड्या घरी येऊन मोजायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिल्या तर सकाळी पिवळ्या पडतात.

दारात आजी भाकरतुकडा ओवाळून टाकते, पाट धरणाऱ्याच्या पायांवर दूध-पाणी घालते, मग कुंकू लावून औक्षण. घंटा वाजवण्याचा मान सर्वांत धाकट्याचा, त्यावर दरवर्षी भांडण ठरलेलं. जागा मात्र त्याच रात्री पक्की करा. समई पडद्यापासून हातभर लांब, पंख्याचा वारा ज्योतीवर येत नाही ना, आरतीला सगळे समोर मावतात ना, हे बघून घ्या. एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की उत्तरपूजेपर्यंत मूर्ती हलवता येत नाही.