पेनड्राइव्ह लावा, हात लावू नका : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत जुन्या सीएनसी मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्राम (काय कसं कापायचं त्या सूचना) पाठवायचा तो आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या केबलनेच. मशीनशेजारी धुळीत एक कॉम्प्युटर ठेवायचा आणि ऑपरेटरने त्यात फाइल शोधत बसायचं. आमचा धंदा उभा राहिला तो हा ताप वाचवण्यावर: पेनड्राइव्ह लावला की प्रोग्राम आपोआप मशीनकडे गेला पाहिजे. मी आणि माझा भागीदार, भांडवल म्हणजे तपकीर गल्लीतून आणलेले नऊ पिनी कनेक्टर आणि एक चांगला सोल्डरिंग गन. तो गन अजून माझ्या टेबलावर आहे, बिट फक्त बदलत आलो.

सुरुवातीला आम्ही विंडोज एक्सपीवर भिस्त ठेवली. पेनड्राइव्हवर ऑटोरनची फाइल टाकायची. लावला की खिडकी यायची, ऑपरेटरने एंटर दाबलं की आमचा प्रोग्राम सुरू. सोपं होतं, म्हणून विकलं गेलं. २००८ च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा व्हायरस आला, आणि तो त्याच ऑटोरनच्या दारानेही पसरायचा. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या शॉपमधले सगळे कॉम्प्युटर आठवडाभर बंद पडले. व्हायरस त्यांच्याच ऑफिसातल्या पेनड्राइव्हवरून आला होता, मी तारखांसकट दाखवून दिलं. तरी खापर आमच्यावर फुटलं आणि मशीनला जोडायच्या आमच्या चौदा बॉक्सचं बिल अडकलं. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि आमचं उरलंसुरलं कामही गेलं. भागीदाराने नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही, घरी लहान मुलगी होती.

त्या काळात एमआयडीसीच्या 'जे' ब्लॉकमधल्या एका काकांनी मला सोडलं नाही. तीन मशीनचा त्यांचा जॉबवर्क. म्हणाले, "तू विंडोज सोड, लिनक्सवर कर, मी एक मशीन देतो ट्रायलला. जॉब खराब झाला तर मटेरियल माझं." असं म्हणणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटासा कॉम्प्युटर आला आणि मी यूडेव्ह शिकलो, म्हणजे लिनक्समधला नव्या उपकरणांची दखल घेणारा भाग. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, नवं यूएसबी उपकरण दिसलं की यूडेव्ह नियमांच्या फाइली वाचतो. व्हेंडर नंबर, प्रॉडक्ट नंबर जुळला की नियमात लिहिलेली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालवतो. पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट अनेकदा चालली, कारण एका पेनड्राइव्हमागे घटना अनेक घडतात: यूएसबी उपकरण, त्याचा इंटरफेस, मग डिस्क, मग पार्टिशन (डिस्कचा फाइली असलेला भाग). नियमात फक्त पार्टिशनच धरायचं, हे तेव्हा कळलं. नवीन मुलांनी आधी यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर ही घटना दाखवणारी कमांड लावून पेनड्राइव्ह घालावा, काय काय येतं ते डोळ्यांनी बघावं, मगच नियम लिहावा.

खरा दणका पुढे बसला. मी प्रोग्राम पाठवायचं सगळं काम नियमातल्या स्क्रिप्टमध्येच घातलं होतं. यूडेव्हला असलं लांबलेलं काम चालत नाही. तो स्क्रिप्ट मारून टाकतो. काकांकडे ड्रिप फीडवर, म्हणजे मशीनला थोडा थोडा पाठवत, मोठा प्रोग्राम चालला होता, मध्येच डेटा तुटला आणि टूल जॉबमध्येच थांबलं. स्पिंडल फिरतोय, टेबल जागेवर. काकांनी इमर्जन्सी दाबली, कारबाइडचं एंडमिल, म्हणजे कापणारं टूल, गेलं. मला म्हणाले, "चहा घे आधी." रात्रभर तिथेच बसून मी रचना बदलली: नियमाने फक्त चिठ्ठी टाकायची, पाठवण्याचं काम आधीपासून चालू असलेल्या दुसऱ्या प्रोग्रामने करायचं. पुढे लिनक्समध्ये सिस्टमडी ही मागे चालणारी कामं सांभाळणारी व्यवस्था आल्यावर तेच काम तिच्या सर्व्हिसकडे दिलं. आता बॉक्स आधी फाइल पूर्ण उतरवून घेतो, शेवटी एम३० ही प्रोग्राम संपल्याची खूण आहे का बघतो, आणि मगच मशीनकडे पहिली ओळ सोडतो.

आणि एक गोष्ट आम्ही कधीही केली नाही. पेनड्राइव्हवरची कुठलीही फाइल आमचा बॉक्स चालवत नाही, फक्त वाचतो. स्क्रिप्ट बॉक्सच्या आत, पेनड्राइव्हवर नुसता डेटा. कॉनफिकरने हे शिकवलं.

आमच्याकडेच दोन वर्षं काम केलेल्या एकाने नंतर असाच बॉक्स निम्म्या किमतीत काढला. त्यात पेनड्राइव्हवर ठरावीक नावाची स्क्रिप्ट असली की ती थेट रूट म्हणून, म्हणजे सगळ्या अधिकारांनिशी चालते. अपडेटला सोपं जातं म्हणे. माझी पाच गिऱ्हाइकं तिकडे गेली. मी प्रत्येकाला जाऊन सांगितलं, की उद्या कोणीही त्या नावाची फाइल टाकून आणेल आणि बॉक्स तिचं ऐकेल. त्यांनी किंमत विचारली. कोटेशन मागताना किमतीआधी एवढं विचारत चला: पेनड्राइव्हवरचं काही चालवता का?

काकांकडचा तो पहिला बॉक्स अजून चालू आहे. एसडी कार्ड दोनदा बदललं. खंडेनवमीला मशीनसोबत त्यालाही हळदकुंकू लागतं, आणि पेनड्राइव्ह लाल दोऱ्याने मशीनच्या दाराला बांधलेला असतो. हिरवा दिवा लागल्याशिवाय तो काढायचा नाही, हे काका नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशीच सांगतात.