तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या चित्रांत येशू कशाला?

मी बेळगावात मुलांना चित्रकला शिकवतो आणि दर रविवारी मराठी उपासनेला जातो. यांपैकी काहीच कोणापासून लपलेले नसल्यामुळे, विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात येशूची चित्रे कशाला, श्रद्धा घरात ठेवली तर काय बिघडेल, असे पालक आणि स्नेही मला वारंवार विचारतात. विचारण्यामागे बहुधा काळजीच असते. डिसेंबर 2021 मध्ये कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झाले ते इथल्याच सुवर्ण विधानसौधात, हे कोणी विसरलेले नाही.

मी मुलांना विषय देतो, धर्म देत नाही. ‘पाणी’ हा विषय दिला, तेव्हा कोणी राकसकोपचा जलाशय काढला, कोणी कपिलेश्वर तलावातले गणपती विसर्जन काढले, आणि खानापूरकडच्या एका ख्रिस्ती मुलाने शिष्यांचे पाय धुणारा येशू काढला. धोतर खोचून बसलेल्या त्या येशूशेजारी पितळी तांब्या होता आणि परातीत ठेवलेल्या पेत्राच्या पायाच्या नखांत भातलावणीचा चिखल होता. डोक्यामागचे तेजोवलय मात्र कॅलेंडरवरून उतरवलेले, निर्जीव पिवळे होते. ते पुन्हा करायला लावले. विसर्जनाच्या चित्रातली एकसारख्या चेहऱ्यांची गर्दीही मी तशीच परत पाठवली होती.

आमच्या चर्चमधले काही ज्येष्ठ याच्या उलट विचारतात: चित्राखाली बायबलमधले वचन का लिहू देत नाही? लिहू देतो, पण वचनावाचून चित्र उभे राहत असेल तरच. कच्च्या रेखाटनाखाली योहानाच्या तेराव्या अध्यायातली ओळ लिहिल्याने रेखाटन सुधारत नाही, आणि पाहणाऱ्याला उपदेश ऐकल्यासारखे वाटते ते वेगळेच. गोव्यात 1902 साली जन्मलेल्या आणि पुढे पुण्यात राहून काम केलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी रंगवलेली साडीतली मरिया मी मुलांना आवर्जून दाखवतो. अशा चित्रांवर नाराज होणाऱ्यांत ख्रिस्ती लोकही होते, हेही सांगतो.

प्रदर्शनात तो मुलगा आपल्या चित्राजवळच उभा होता. कोणी विचारले तर आपण ख्रिस्ती आहोत हे तो सांगे, गुरू असून येशू शिष्यांचे पाय का धुतो तेही दोन वाक्यांत सांगे, आणि विचारणारा थांबलाच तर परातीतल्या पाण्यात तांब्याचे प्रतिबिंब कसे धरले यावर बराच वेळ बोलत राही. यात घरात ठेवण्यासारखे काय होते, ते मला अजून कोणी दाखवून दिलेले नाही.