नानकटाई अपडेट: मैदा सुटला, आता तूप अडलंय

मंडळी, केळ्याच्या केकचा ग्रॅमचा तक्ता मागेच टाकलाय आणि तो अजून एकदाही फसला नाहीये, त्यामुळे त्यावर काही बोलत नाही. आजचं सगळं रडगाणं मावशीच्या नानकटाईचं, तिची वाटीची मापं ग्रॅममध्ये आणायची आहेत. वहीत लिहिलंय: तूप १ वाटी, पिठीसाखर १ वाटी, मैदा २ वाट्या "किंवा मावेल तितका". हे मावेल तितका ग्रॅममध्ये कसं आणायचं सांगा!

वाटी कुठली ते कळलं, तिच्याकडची जुनी स्टीलची, काठोकाठ पाणी भरून वजन केलं तर १८० ग्रॅम, म्हणजे १८० मिली. (तुमचे विकतचे कपही एकदा असे तपासा, माझ्या ऑनलाइन सेटमधला २४० लिहिलेला कप २२५ वर वाहायला लागतो.) पण त्याच वाटीत मैदा चमच्याने अलगद भरून सपाट केला की ९० ग्रॅम, डब्यात वाटी खुपसून काढला की ११० च्या आसपास. किंग आर्थरवाले (अमेरिकेतली पिठाची कंपनी) २४० मिलीच्या कपाला १२० ग्रॅम धरतात तो हिशोब चमच्याने भरलेल्या मैद्याचा, आणि माझे ९० त्याला बरोब्बर जुळतात, म्हणून मी निवांत होते. तुपाचंही तेच, पातळ केलेलं सपाट वाटीभर १६४, थिजलेलं कणीदार चमच्याने भरलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि काटा १५० लाच थांबतो.

आता हे एकमेकांवर लावा. १०० ग्रॅम तुपाला मैदा एका टोकाला ११०, दुसऱ्या टोकाला जवळजवळ १५०. पहिल्यात ट्रेवर थारोळं, सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्यात गोळा दाबला की कडेला भेगा.

शेवटी मावशीला म्हटलं, तू कर आणि व्हिडिओ पाठव, बोलू नकोस काही. आणि तिथे उलगडा झाला!! ती वाटी डब्यात खुपसते आणि वर ओट्यावर आपटून परत भरते. तसं करून पाहिलं तर ११८ ग्रॅम. म्हणजे दोन वाट्यांना २३६, आणि मी १८० घालत बसले होते. जाम आनंद झाला, पण तो व्हिडिओ पुढे सरकेपर्यंतच, कारण तूप ती थिजलेलंच घेते आणि तेही शीग लावून. शिगेचं वजन काय धरणार, माझी शीग १७० ला गेली, तिची त्याहून उंच दिसते.

पिठीसाखरेचं थोडक्यात: विकतच्या आयसिंग शुगरमध्ये बहुतेक कॉर्नफ्लोअर असतं, नानकटाईला मला ती आवडत नाही, घरी मिक्सरला फिरवून चाळून घ्या आणि वजनाने घ्या, विषय संपला.

सोड्यासाठी दागिन्यांचा ०.०१ ग्रॅमवाला छोटा काटा घेतला, अगदी पैसा वसूल. साधा काटा शून्यावर असताना चिमूट चिमूट टाकलं तर तो हललेलाच दाखवत नाही, स्वतःच परत शून्य धरून बसतो. तोच वापरायचा असेल तर वाटी ठेवून टेअर न करता (म्हणजे काटा शून्यावर न आणता) वजन वाचा आणि वजाबाकी करा.

पुढचा बेत तूप १००, पिठीसाखर ६५, मैदा १३०, बेसन २०, रवा १० असा होता. पण हे लिहिता लिहिताच सुचलं, शीग मोजायचीच कशाला? मावशीकडे जाताना काटा घेऊन जाते, तुपाचा डबाच त्यावर ठेवायचा, टेअर करायचं आणि तिला हवं तसं काढू द्यायचं. काट्यावर उणे जो आकडा येईल तेच तिचं तूप. मग मैद्याचा डबा ठेवायचा, म्हणजे "मावेल तितका" पण त्यातच निघेल. माझा काटा ५ किलोचा आहे, तिचा मैद्याचा डबा भरलेला असला तर त्यात बसणार नाही, त्यामुळे आधी फोन करून थोडा मैदा लहान डब्यात काढून ठेवायला सांगते. तोवर वरचं प्रमाण कोणी करून बघितलं तर भेगा पडल्या की पसरल्या तेवढं कळवा.