लेकरं किती?

दिवे घाट चढताना मी पावलं मोजत होतो. तोंडानं 'ज्ञानोबा माउली तुकाराम' आणि मनात आकडे, असला मी वारकरी. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत दमवणारा टप्पा. तीसेक किलोमीटर चालायचं आणि वाटेत हा घाट. दर वीस पावलांनी मी परत एकपासून सुरुवात करायचो. ही वीसची सवय माझी नाही, धाकटीची.

ती सात वर्षांची असताना ताप यायला लागला. उतरायचा, चार दिवसांनी परत हजर. पाय दुखतात म्हणायची. कुठं पडली-झडली नाही तरी नडग्यांवर निळे डाग. तालुक्याच्या डॉक्टरांनी दोनदा टॉनिक दिलं. तिसऱ्या वेळी रक्त तपासलं तर प्लेटलेट 18 हजार. निदान दीड लाख तरी असाव्या लागतात. रक्ताचा कर्करोग निघाला, एएलएल. लहान पोरांत हाच जास्त आढळतो आणि बरीच पोरं यातून बरी होतात, असं परळला टाटामध्ये सांगितलं. ते खोटं नव्हतं. तिच्याबरोबरची काही पोरं आज दप्तर घेऊन शाळेत जातात. आमचं दुखणं दीड वर्षानं उलटलं.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आम्हाला जागा मिळाली. कुठकुठल्या मुलखातले आईबाप तिथं, एकमेकांची भाषा येत नाही, पण सकाळी जिन्यात भेटले की प्रश्न एकच, काउंट किती? म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा. धाकटीनं दुरेघी वहीत काउंट लिहायला घेतले. पडले की पेन्सिलनं, चढले की लाल पेननं.

माझी गावात पिठाची गिरणी आहे. मुंबईहून घरी आलो की ती आधी गिरणीतल्या काट्यावर चढायची, कारण केमोचा डोस उंची-वजनावर ठरतो हे तिनं ऐकून ठेवलं होतं. "पप्पा, साडेअठरा किलो ज्वारी. दळून ठेवा." स्टिरॉइडच्या दिवसांत गाल फुगले, रात्री तीन वाजता उठून वरणभात मागायची. तेव्हा म्हणायची, "आज ज्वारी नाही, गहू." पुढं एका औषधानं पायातली ताकद गेली. पाऊल उचलायचंच नाही, बोटं फरशीला घासायची. मग धर्मशाळेच्या व्हरांड्यात फरशा मोजत चालायची. वीस झाल्या की भिंतीला टेकून उभी.

एका आषाढात काउंट इतके खाली होते की बाहेर न्यायला बंदी. मोबाईलवर रिंगण बघत बसलो. दोन घोडे धावतात, एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी.

"त्याचा माणूस पडला का?"

"नाही गं. त्याच्यावर माउली बसतात."

तिनं बराच वेळ विचार केला. "मग वजन किती धरायचं?"

मला उत्तर आलं नाही. अजून येत नाही.

ती जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा मी वारीला निघालो. बायको म्हणाली, "तुम्ही जा. मला त्याच्याशी बोलायचं नाही." मी आग्रह केला नाही. गिरणी बंद ठेवली, भिशी भरली आणि एका ओळखीच्या दिंडीत आळंदीपासून सामील झालो. काय मागायला निघालो होतो ते मलाही सांगता आलं नसतं.

तरडगावच्या मुक्कामापर्यंत तळव्यांना फोड आले होते. राहुटीत परभणीकडची एक आजी सगळ्यांच्या फोडांतून सुईनं दोरा ओवून देत होती. दोरा आत ठेवला की पाणी झिरपून जातं. माझा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, "लेकरं किती, माउली?"

"एक. मुलगा, बारावीला."

हे उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. दोन म्हटलं की लोक पुढचं विचारतात, आणि सांगितलं की त्यांचाच चेहरा उतरतो, मग आपणच त्यांना सावरत बसायचं. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, बँकेच्या रांगेत, सगळीकडे एक.

"तुम्हाला?" मी विचारलं.

"पाच." तिनं दोरा दातानं तोडला. "दोघं हायेत."

आणि ती पुढच्या माणसाच्या पायाकडं वळली. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. तिनं पाच म्हटलं होतं.

पुरंदवड्याला रिंगण बघितलं. मोबाईलमध्ये कळत नाही, पण टापांनी छातीत धडधड होते. घोडे गेल्यावर माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला धावली, मला दोघांनी ढकललंही. मी वाकलो नाही. त्या रिकाम्या पाठीकडं बघत होतो. साडेअठरा धरा, म्हटलं.

वाखरीच्या अलीकडं एका वस्तीवर पिठलं-भाकरी वाढत होते. वाढणाऱ्या ताईंनी सहज विचारलं, "पोरंबाळं किती, दादा?"

"दोन."

"काय करतात?"

"मोठा बारावीला." इथं जीभ अडखळली. "धाकटी चौथीत होती. म्हणजे पटावर नाव होतं. शाळेत अकराच दिवस गेली."

त्यांनी हातातली भाकरीची टोपली खाली ठेवली. मला वाटलं, आता चेहरा उतरणार. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "नाव काय होतं तिचं?"

नाव सांगितलं. मग वही, लाल पेन, ज्वारी, गहू, घोडा, सगळंच सांगत बसलो. ज्वारीचं ऐकून त्या हसल्या, मीही हसलो. पिठलं गार झालं. आमची दिंडी कधीच पुढं गेली होती, दोरे ओवलेल्या पायांनी पळत जाऊन गाठावी लागली.