कुरियरने मागवलेली कडकनाथची अंडी आणि भलत्याच माणसाच्या फोनवर गेलेला ओटीपी

उबवायची अंडी कुरियरने मागवणार असाल तर सगळ्यात आधी पाठवणाऱ्याला सांगा की बाबा, माझा मोबाईल नंबर इंग्रजी आकड्यांत लिही. पॅकिंग, उबवायचं मशीन, तापमान हे सगळं नंतर बघू. मला हे कोणी सांगितलं असतं तर माझी ३० अंडी चार दिवस पत्र्याच्या गोदामात पडून राहिली नसती, आणि आज इतके महिने झाले तरी ते गोदाम आठवलं की माझं डोकं फिरतं ते फिरलं नसतं.

नागपूरजवळ बेसाला आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे सासूबाईंच्या सहा-सात गावरान कोंबड्या असतात. मला कडकनाथ पाहिजे होता आणि तोही मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचाच, कारण २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय टॅग, म्हणजे हा माल त्याच भागाचा अशी सरकारी ओळख, मिळाला तेव्हापासून इकडे जो तो काळी कोंबडी दाखवून कडकनाथ म्हणून विकतो. आधी पिल्लंच मागवायचा विचार होता. अमेरिकेत १९१८ पासून टपालाने एक दिवसाची पिल्लं जातात हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. पिल्लू अंड्यातून निघायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्याच्यावर दाणापाण्याशिवाय ७२ तासांपर्यंत तग धरतं, म्हणून एक दिवसाचंच पाठवतात, आठ दिवसांचं नाही. मोठ्या हौसेने पोस्टात विचारायला गेले तर खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या जिवंत काही घेत नाही, आणि बाजूच्या मॅडमना बोलावून मला परत एकदा विचारायला लावलं. दोघी हसल्या. मीही हसले, काय करणार.

मग अंडी. झाबुआजवळच्या एका पाळणाऱ्याकडून ३० अंडी घेतली, १२०० रुपये, कुरियरचे ३४० वेगळे. माणूस चांगला होता, प्रत्येक अंडं कागदात गुंडाळून ट्रेमध्ये, टोकाची बाजू खाली, भोवती भाताचं तूस, जनावरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून वर चिकटवलेलं. सोमवारी १० मार्चला पार्सल निघालं आणि गुरुवारी १३ ला नागपुरात पोचलं. त्या दिवशी होळी. शुक्रवारी धुळवड, सगळं बंद. मी म्हटलं ठीक आहे, शनिवारी सकाळीच जाते.

गोदाम नागपूरच्या बाहेर, वाडीच्याही पुढे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगीच भांडण नको. गेटवर अर्धा तास, मग आत एक पोरगा, खिशात पेन नाही पण कानावर दोन. म्हणाला ओटीपी सांगा. म्हटलं आलाच नाही. "आला असन नं ताई, इकडून तं गेला म्हणून रायलं." फोन त्याच्या समोर धरला, बघ बाबा, नाही आला. त्याने परत पाठवला. नाही आला. तिसऱ्यांदा पाठवल्यावर म्हणाला आता सिस्टीम एक तास पाठवू देत नाही.

तेवढ्यात मला माझा डबा दिसला. भिंतीला लागून, उलटा. त्यावर ठळक हिंदीत लिहिलेलं "अंडे हैं, धीरे रखें" आणि बाण, तो बाण जमिनीकडे, आणि वर मिक्सरचं खोकं. मी म्हटलं निदान सरळ तरी ठेव. "काय होय त्याच्यात?" म्हटलं अंडी. "अंडी तं कोपऱ्यावरच्या दुकानात भेटतात नं." म्हटलं कडकनाथची आहेत, उबवायची. "हाव का? मंग काळी असतीन." अरे, कडकनाथची कातडी काळी, मटण काळं, हाडंसुद्धा काळपट, पण अंडं साधं फिकट बदामी असतं, गावरानसारखं. हे मी त्याला समजावत बसले, ऊन चाळिशीला टेकलेलं, वर पत्रा, आणि मी कोंबडीशास्त्र शिकवतेय. कोंबडी हा शब्द ऐकून आतले एक मोठे भाऊ बाहेर आले आणि दोन पावलं मागेच सरले. "गोरेवाड्यात वाघ मेले नं बर्ड फ्लूनं, त्याच्यातलं तं नाही?" डिसेंबरमध्ये गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमधले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले होते हे खरं, पण त्या वाघांनी झाबुआवरून अंडी मागवली नव्हती. सर्टिफिकेट दाखवलं. ते हिंदीत होतं, त्यांनी वाचलं, परत वाचलं, मग म्हणाले, हे ठीक आहे पण ओटीपी पाहिजेच.

लेबलवर फोनचे फक्त शेवटचे चार आकडे छापतात. ते बघितल्यावर माझी ट्यूब पेटली. माझा नंबर एकने संपतो, तिथे नऊ होतं. पाठवणाऱ्याने पावतीवर नंबर देवनागरीत लिहिला, आणि बुकिंगवाल्याने आपला एक बघून इंग्रजी नऊ टाईप केला. दोन्ही सारखेच दिसतात हो, लिहून बघा. म्हणजे माझे सगळे ओटीपी नऊवाल्या कोणाला तरी जात होते.

मी तिथूनच त्या नंबरवर फोन लावला. यवतमाळकडचा माणूस निघाला. म्हटलं भाऊ, तुमच्या फोनवर माझा ओटीपी आलाय, तेवढा सांगता का? पुढे काय झालं असेल ते तुम्हीच समजा. "ओटीपी? ठेवा फोन." दुसऱ्यांदा लावला तर पोलिसात देतो म्हणाला. डब्याचा फोटो व्हाट्सॲपवर पाठवला तर ब्लॉक. रागावणार कोणावर, मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. दोन वाजता गोदामाचं शटर खाली, आता सोमवार.

रविवारी नवऱ्याने त्याच्या फोनवरून प्रयत्न केला. तर तो माणूस म्हणे, "काल एक बाई पण हेच म्हणत होती, मोठी टोळी दिसते तुमची." कस्टमर केअरला तक्रार केली, तक्रार नंबर मिळाला, कामकाजाचे ४८ तास म्हणाले. मी म्हटलं अंडी कामकाजाच्या तासांवर चालत नाहीत. बाईने शांतपणे विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का.

सोमवारी मी आणि सासूबाई दोघी गेलो. तिथल्या साहेबांना आता पाठवणाऱ्याचा ईमेल पाहिजे, की नंबर चुकला आहे, दुरुस्त करावा. पाठवणाऱ्याकडे ईमेलच नाही, तो म्हणे मुलगा संध्याकाळी येतो तेव्हा बनवतो. माझा तोल सुटायच्या बेतात होता. सासूबाईंनी गप्प बसून सगळं ऐकलं, मग म्हणाल्या, लाव मला त्या यवतमाळवाल्याला, माझ्या फोनवरून. आणि ओटीपीचा शब्दच काढला नाही. "काय रे बाप्पा, घरी कोंबड्या आहेत का तुझ्याकडे?" होत्या. मग किती आहेत, खुडूक बसली आहे का एखादी, यंदा मानमोडीचा रोग आला होता का, अशा पाच मिनिटं गप्पा, आणि मग म्हणाल्या, माझ्या सुनेची अंडी अडकून पडली आहेत रे. तो म्हणाला आकडा तुम्हाला नाही सांगणार आजी, गोदामवाल्याला द्या, त्याला सांगतो. पोराने नवीन ओटीपी पाठवला, त्याने स्पीकरवर सांगितला, काम झालं. काही मिनिटं. तीन दिवसांचं काम.

घरी उघडलं तर तीन फुटलेली, एकाला बारीक तडा, राहिली २६. टोक खाली करून, न धुता, २४ तास तशीच शांत ठेवली, प्रवासात आतली हवेची जागा हललेली असते ती बसायला वेळ द्यावा लागतो. लगेच मशीनमध्ये घालायची घाई करू नका. कडकनाथ कोंबडी स्वतः सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंड्यांवर बसून उबवत नाही, त्यामुळे १० अंडी सासूबाईंच्या गावरान कोंबडीखाली आणि १६ मशीनमध्ये, ३७.५ डिग्री. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघितलं, ९ मध्ये काहीच नव्हतं, ४ मध्ये लाल कडं तेवढं, म्हणजे सुरू होऊन मेलेली. अंडं २०-२१ डिग्रीच्या वर गेलं की आत हालचाल सुरू होते, आणि त्या पत्र्याखाली किती डिग्री असेल ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. त्यातून अंडी एका आठवड्याच्या आत बसवायची असतात, माझी त्याच्यापुढे गेलेली. उरलेल्या १३ पैकी चार कवचातच गेली. एकवीस दिवसांनी ८ एप्रिलला नऊ पिल्लं निघाली, चार कोंबडीखाली, पाच मशीनमध्ये. सासूबाईंनी टक्केवारी काढून मला दोनदा सांगितली. कोंबडी जिंकली.

म्हणून मार्च ते जून अंडी मागवूच नका, आणि मागवलीच तर सुट्ट्या बघून, पार्सल सोमवार-मंगळवारी निघेल असं बघा. शक्यतो घरपोच नको, ऑफिसातून स्वतः उचला, पण नंबर बरोबर असेल तरच, ते वर सांगितलंच. पाठवणाऱ्याकडून बुकिंगच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी मागवून आकडा न् आकडा वाचा. आणि हो, नागपूरलाच सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, दुसऱ्या जातीवर भागत असेल तर आधी तिथे विचारा, मी उगीच हट्टाला पेटले होते.

नोव्हेंबरमध्ये परत मागवलं, या वेळी पिल्लंच, ५०, आणि कुरियर नाही, इंदूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. त्यात सांगण्यासारखं काही नाही, इतकं सरळ झालं. पुठ्ठ्याचा भोकांचा डबा, मधे पडदी, २५-२५, एकमेकांच्या उबेवर राहतात. फक्त डिकीत ठेवू देऊ नका, तिथे हवा नसते, ड्रायव्हरला आधी बोलून केबिनमध्ये ठेवायला लावा, मी वरचे दोनशे दिले. मॅरेक्स रोगाची लस उबवणी केंद्रातूनच दिलेली आहे ना ते विचारून घ्या. पहाटे गणेशपेठेत बस लागली, दार उघडायच्या आधीच चिवचिव ऐकू आली. एक मेलेलं, ४९ ठणठणीत. घरी आल्यावर आधी गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवून, दाणा दोन तासांनी.

त्या यवतमाळवाल्याने मे महिन्यात सासूबाईंना फोन केला होता, आजी, निघाली का पिल्लं? त्याला एक जोडी कबूल केली होती, ती आता मोठी झाली आहे. कुरियरचा प्रश्नच नाही. पुढच्या रविवारी दीर यवतमाळला जाणार आहेत, त्यांच्या गाडीत टोपली ठेवून देणार आहे, आणि पत्ता सासूबाईंनी स्वतः फोनवर लिहून घेतला आहे.